मल्लोजी अण्णांचं पाचवं वर्ष

मल्लोजी अण्णा स्वतःच्या कपाळावरचा घामसुद्धा विचारल्याशिवाय पुसत नसत.

उन्हातून सायकल ढकलत यायचे, पंचा खांद्यावर तयार असायचा, घाम नाकावरून ओघळत असायचा, आणि हा साठीचा माणूस दारात उभा राहून बायकोला विचारायचा, "पुसून टाकू का?"

"टाका," गंगाअक्का आतून म्हणायच्या. मग पंचा खाली यायचा.

कन्नड मुलखातल्या आमच्या शहरात, शिवाजीनगरच्या मागे, आमचं वठार होतं. वठार म्हणजे एका नळावर भांडणारी सहा घरं. त्यातलं चौथं अण्णांचं आणि पाचवं आमचं, त्यामुळे ही परवानगी मागण्याची पद्धत मला तेराव्या वर्षापासून भिंतीपलीकडून ऐकू येत असे. दारातली कालची रांगोळी झाडायची असली तरी विचारणा. जेवणानंतर पाटाभोवती सांडलेलं पुसायचं असलं तरी विचारणा. कोपऱ्यावरच्या हॉटेलात डोसा खाऊन झाला आणि पोऱ्या फडकं घेऊन आला, की अण्णा टेबलावर पंजा ठेवत आणि समोर बसलेल्या अनोळखी माणसाला विचारत, "सरी ना? पुसून टाकू दे का?" सरी म्हणजे कन्नडमध्ये ठीक. तो माणूस बावचळून होय म्हणाला की पंजा उचलला जाई.

गंगाअक्कांचं यावर ठरलेलं उत्तर होतं. "हे आधी गेले ना, तर वरून हाक मारतील. गंगा, तुझं कुंकू पुसून टाकू का? मी सांगणार, नको. तसंच राहू दे." आमच्या वठारात मी ऐकलेलं हे एकमेव सुधारक विधान होय, आणि ते एका अशा बाईनं केलं होतं जिनं माझं एकही पत्रक वाचलेलं नव्हतं.

पत्रकांचा उल्लेख आला आहे, तर सांगून टाकतो. माझे वडील छापखान्यात खिळे जुळवणारे जुळारी होते. सभांची, संपांची, मोर्चांची जी पत्रकं छापली जात, त्यांतल्या वाया गेलेल्या प्रती ते घरी आणत. मी अक्षरं त्यांवर शिकलो. इतर मुलांनी 'कमळ' आणि 'बदक' वाचलं तेव्हा मी 'बंधूंनो' आणि 'निषेध' वाचत होतो. पुढे मीही त्याच छापखान्यात मुद्रितं तपासायला लागलो आणि अन्याय दिसला की लिहायची मला खोड लागली. अन्याय रोज दिसे.

अण्णांशी माझी खरी ओळख अशाच एका अन्यायामुळे झाली. घरमालकानं नळाला कुलूप घातलं होतं. मी वठाराच्या बाहेरच्या भिंतीवर कोळशानं हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं, 'पाणी मालकाचं नाही.' मालक भडकला. वठारात झाडूवर हात बसलेला माणूस एकच होता, म्हणून त्यानं अण्णांना बादली आणि काथ्या देऊन भिंत धुवायला सांगितलं. अण्णा भिंतीसमोर गेले, वाचलं, बादली खाली ठेवली आणि माझ्या दाराशी आले.

"तम्मा," ते म्हणाले. धाकट्या भावाला कन्नडमध्ये तम्मा म्हणतात. अण्णांच्या मराठीत असे पाहुणे शब्द पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला होते. "तम्मा, तू लिहिलंस ना ते? पुसून टाकू का?"

"मुळीच नाही!" मी म्हणालो.

"सरी," म्हणून अण्णा बादली उचलून परत गेले.

मालकानं तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा अण्णा मला विचारून गेले आणि तिन्ही वेळा मी नाही म्हणालो. ते वाक्य भिंतीवर आठ महिने राहिलं. नळाचं कुलूप मात्र दहाव्या दिवशीच निघालं होतं, तेही गंगाअक्कांनी दगड घालून फोडलं म्हणून.

*

अण्णा छावणीतल्या एका क्लबात मार्कर होते. मार्कर म्हणजे टेनिसचा पगारी माणूस. सभासदाला जोडीदार मिळाला नाही तर त्याच्याशी खेळायचं, आणि शक्यतो हरायचं. मातीची कोर्टं बांधायची, चाळलेली माती टाकायची, पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, चुन्याच्या रेषा ओढायच्या. प्रत्येक सामन्यानंतर काथ्याची जाड चटई दोरीनं ओढत सगळं कोर्ट पुन्हा कोरं करायचं.

त्या क्लबात दर वर्षी थंडी सरताना मातीच्या कोर्टावरची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरे. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी ती सुरू झाली. परदेशी खेळाडू येत, शामियाना लागे, चहाबरोबर काकडीचे सँडविच फिरत. अण्णा त्या कोर्टावर कुणाहीपेक्षा जास्त खेळलेले होते, पण पगार घेऊन खेळतो तो व्यावसायिक, आणि व्यावसायिकाला स्पर्धेत मज्जाव. ज्यानं माती चाळली त्याला त्या मातीवर उभं राहायला बंदी! मी यावर दोन पत्रकं लिहिली. अण्णांना नेऊन दिली. गंगाअक्कांनी दोन्हींत शेंगदाणे बांधले.

स्पर्धेचं पंधरावं वर्ष आलं तेव्हा क्लबानं स्मरणिका काढायचं ठरवलं. काम आमच्या छापखान्याला मिळालं. स्पर्धेचा इतिहास लिहायला कुणी नव्हतं, म्हणून छापखान्याच्या मालकांनी मला सेक्रेटरीकडे पाठवलं. सेक्रेटरी पाईप ओढणारे, शांत गृहस्थ होते.

"चार पानं," ते म्हणाले. "कोण जिंकलं, कोण हरलं, आणि हवा छान होती."

"जुनी दप्तरं पाहायला मिळतील?"

सेक्रेटरींनी पाईप तोंडातून काढला. "ती वाळवीनं खाल्ली. जिंकलेल्यांची नावं कपावर कोरलेली आहेत. बाकीचं मार्करला विचारा. वाळवी त्यानंच आणली."

ही गोष्ट खरी होती. कोर्टाची माती घट्ट बसावी म्हणून अण्णा तिच्यात वारुळाची माती मिसळत. होसकोटेच्या बाजूला, तळ्याकाठी, त्यांची ठरलेली वारुळं होती. सातव्या वर्षी त्यांनी एक भलंमोठं वारूळ निवडलं, त्याला हळदकुंकू वाहिलं, दूध ठेवलं, हात जोडून विचारलं आणि दोन बैलगाड्या भरून माती क्लबात आणली. दप्तरखान्याच्या भिंतीला टेकून तिचा ढीग घातला. वारूळ रिकामं नव्हतं. नागाची परवानगी काढली होती, वाळवीची राहून गेली. पावसाळा संपेपर्यंत पहिल्या सहा वर्षांचा इतिहास कपाटात पिठासारखा होऊन पडला होता.

"पण माती?" अण्णा मला अजूनही अभिमानानं सांगत. "तसली माती परत मिळाली नाही, तम्मा. चेंडू असा उठायचा, जसा कुणी हाक मारल्यासारखा."

*

मी चार रविवार सकाळी क्लबाच्या मागच्या कोर्टावर वही घेऊन बसलो. अण्णा माती चाळत, मी प्रश्न विचारत असे. लवकरच लक्षात आलं की या माणसाला पंधरा वर्षं पाठ होती, फक्त खेळाडू सोडून.

"पहिल्या वर्षी अंतिम सामना कोणात झाला?"

"पहिल्या वर्षी माती तलम होती. तळ्यातली. कुणाचं ऐकत नव्हती. सगळे घसरायचे."

"पण सामना कोणात?"

"एक उंच होता. डावा पाय आत वळवायचा. दुसरा टाचेवर फिरायचा, जाईल तिथे भोक पाडायचा. तसल्या माणसाला मी कोर्टावर पाय ठेवू दिला नसता."

"जिंकलं कोण?"

अण्णांनी चाळण थांबवून विचार केला. "भोकं पाडणारा हरला असावा. शेवटी शेवटी पाय ओढत होता. रेघ दिसत होती ना."

"नाव?"

"पावलाला नाव कुठे असतं, तम्मा?"

असा हा इतिहास. दुसऱ्या वर्षी चुना कच्चा निघाला आणि रेषा दुपारपर्यंत उडून गेल्या. तिसऱ्या वर्षी एका परदेशी खेळाडूनं मूठभर माती नाकाशी नेली, वास घेतला आणि अण्णांच्या पाठीवर थाप मारली. त्यानं काय म्हटलं ते कळलं नाही, पण माणूस शेतकऱ्याचा असावा. चौथ्या वर्षी एकाचे बूट इतके गुळगुळीत होते की कोर्ट झाडायची गरजच पडली नाही. मी कपावरची नावं एका बाजूला लिहिली, अण्णांची पावलं दुसऱ्या बाजूला लिहिली आणि जुळवत गेलो. काही जुळली.

"पाचवं वर्ष?"

"सहाव्या वर्षी," अण्णा म्हणाले, "माती दोनदा मागवावी लागली."

"पाचवं, अण्णा."

"पाऊस."

"सगळं वर्ष?"

"पाऊस होता," म्हणून अण्णांनी चाळण इतक्या जोरात हलवली की मला खोकला आला.

पुढच्या रविवारी पुन्हा विचारलं. पुन्हा पाऊस. मला खोट्याचा वास लगेच येतो. आमच्या गावात त्या दिवसांत पाऊस पडत नाही, आणि पडला असता तर मातीचा हा माणूस त्यावर तासभर बोलला असता. मी वाचनालयात जाऊन पाचव्या वर्षीची वर्तमानपत्रं काढली. ऊन कडक होतं. स्पर्धा सुरळीत झाली होती. एका कोपऱ्यात चार ओळी होत्या: उपांत्य सामन्यात स्थानिक तरुण नंजुंडप्पा पाच सेट झुंजून परदेशी मानांकित खेळाडूकडून पराभूत. अखेरच्या गुणाबाबत थोडा वाद झाला.

त्या चार कन्नड ओळी मी वहीत उतरवल्या आणि अण्णांपुढे धरल्या. अण्णा मराठी बोलत आणि कन्नड वाचत. बोट फिरवत त्यांनी चारही ओळी वाचल्या, मग मातीच्या ढिगावर बसले.

*

त्यांनी जे सांगितलं ते असं.

नंजुंडा शिवाजीनगरातल्या एका शिंप्याचा मुलगा. बापाबरोबर सभासदांच्या पॅंटी पोचवायला क्लबात यायचा. मागच्या कोर्टावर अण्णांनी त्याच्या हातात जुनी रॅकेट दिली. सहा वर्षं रोज सकाळी, सभासद उठायच्या आत, दोघं खेळले. अण्णांना मूलबाळ नव्हतं. हे अण्णांनी सांगितलं नाही, मला ठाऊक होतं.

नंजुंडाला पगार नव्हता, म्हणून तो हौशी. म्हणून त्याला स्पर्धेत प्रवेश मिळाला. पाचव्या वर्षी तो उपांत्य फेरीत पोचला. पाचव्या सेटमध्ये समोरच्याला सामना जिंकायला एक गुण हवा होता. नंजुंडानं फोरहँड मारला, सरळ रेषेवर. रेषेवरचे पंच म्हणून एका सभासदाचे जावई बसले होते. ते बाहेर म्हणाले. सामना संपला.

आता मातीच्या कोर्टाचं एक वैशिष्ट्य आहे. चेंडू टेकतो तिथे लांबट, फिकट खूण राहते. वाद झाला तर मुख्य पंच उंच खुर्चीवरून उतरतात, खूण पाहतात आणि निर्णय बदलतात. खूण खोटं बोलत नाही. पण नंजुंडाला अण्णांनीच शिकवलं होतं, आधी हात मिळवायचा, मग बोलायचं. तो जाळीपाशी गेला, हात मिळवला, आणि मग वळून म्हणाला, खूण बघा.

"आणि?" मी विचारलं.

"तम्मा, मला एक गर्व होता," अण्णा म्हणाले. "सगळ्या क्लबात माहीत होतं. खेळाडू टॉवेलपाशी पोचायच्या आत माझं कोर्ट कोरं असायचं. पाहुणे टाळ्या वाजवायचे."

त्या दिवशीही सामना संपला म्हटल्याबरोबर ते चटई घेऊन आत धावले होते. सुरुवात त्याच कोपऱ्यातून केली.

"खूण दिसली तुम्हाला?"

"दिसली. अर्धी चुन्यावर होती. चुना उडालेला होता."

"मग थांबला का नाहीत?"

अण्णांनी उजवा हात वर करून त्याकडे पाहिलं. "हात चालू होता."

पंच खाली उतरले तेव्हा माती सारखी झाली होती. त्यांनी अण्णांना इंग्रजीत विचारलं, मार्कर, खूण कुठे आहे? अण्णा म्हणाले, "क्लीन्ड, सर." झालं. नंजुंडानं अण्णांकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि निघून गेला. पुन्हा क्लबात आला नाही.

"पण आत होता म्हणून सांगायचं ना!" मी ओरडलो. "तुम्ही पाहिला होता!"

"खूण कुठे आहे, विचारलं. कुठे होती, नाही विचारलं."

"म्हणून गप्प?"

"तम्मा, जावई सभासदाचे होते आणि मी मार्कर होतो. तुला राग आला की तू भिंतीवर लिहितोस. मला तेव्हा घाम आला. तो पुसला आणि घरी गेलो." चाळण उचलत ते म्हणाले, "त्या वर्षी पाऊस पडला असता तर बरं झालं असतं."

*

मी हे सगळं इतिहासात लिहिलं. का लिहू नये? चार पानांतलं एक पूर्ण पान पाचव्या वर्षाला दिलं. सेक्रेटरींनी ते वाचलं, लाल पेन्सिलीनं त्यावर काट मारली आणि मायेनं म्हणाले, "तरुण आहात. इथे लिहा, पावसामुळे खेळात व्यत्यय."

वेगवेगळ्या कारणांसाठी का होईना, त्या वर्षी अण्णांना आणि सेक्रेटरींना, दोघांनाही पाऊसच हवा होता.

मी लेख परत घेतला. दुपारच्या सुट्टीत छापखान्यातल्या उरलेल्या कागदावर स्वतः पत्रक जुळवलं, कन्नडमध्ये. मथळा होता, 'पाचव्या वर्षी पाऊस पडला नव्हता'. दोनशे प्रती. स्पर्धेच्या पहिल्या दिवशी क्लबाच्या फाटकावर वाटायच्या असा बेत होता. आदल्या दिवशी, शाई ओली असतानाच, एक प्रत अण्णांना दाखवायला नेली. त्यांची नोकरी जाईल, हे माझ्या मनात आलं नव्हतं असं नाही. आलं होतं, आणि तत्त्वापुढे मी ते बाजूला ठेवलं होतं. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो.

गंगाअक्का दारात ट्रंक उघडून बसल्या होत्या. ट्रंकेत मांजरपाटाचे तुकडे रचलेले होते, एक-एक वाराचे, कोरे करकरीत. मी मोजले. नऊ.

"बघ रे," त्या मला म्हणाल्या. "दर वर्षी स्पर्धेच्या आदल्या दिवशी चिकपेटला जातात आणि एक वार मांजरपाट आणतात. म्हणे फडक्याला. आणि हात लावू देतील तर शपथ! मी भांडी पुसायला माझी जुनी लुगडी फाडते. आज दहावं येणार."

अण्णांनी पत्रक वाचलं. दोनदा वाचलं. स्वतःच्या नोकरीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

"नंजुंडाला विचारलंस?"

"खरं सांगायला परवानगी कशाला?"

"हरला कोण?"

"नंजुंडा."

"मग त्याला विचार." अण्णांनी चपला घातल्या. "चल. मला मांजरपाट घ्यायचंच आहे."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

*

चिकपेटच्या त्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला दुकानात शिरावं लागतं. नंजुंडा ज्या दुकानात विक्रेता होता ते लांबट आणि काळोखं होतं. तो पस्तिशीला आलेला, पोट थोडं सुटलेलं, कानावर खडू. उजवं मनगट मात्र डाव्याच्या दीडपट जाड होतं. अण्णांना पाहून त्यानं न विचारता मांजरपाटाचा तागा खाली ओढला.

"एक वार?"

"एक वार."

त्यानं लोखंडी पट्टीनं मापलं, मग दोन बोटं कापड जास्त धरलं आणि कात्री लावली. नऊ वर्षं दोघांत एवढंच बोलणं होत आलं होतं. मी मध्ये पडलो आणि पत्रक टेबलावर ठेवलं.

नंजुंडानं ते उभ्याउभ्या वाचलं. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून काही कळेना. शेवटी तो म्हणाला, "बॅकहँड लिहिलंय."

"काय?"

"फोरहँड होता तो."

"फोरहँडच सांगितला होता मी," अण्णा खालच्या आवाजात म्हणाले.

मी पत्रक पाहिलं. मुद्रितं तपासणं हा माझा धंदा होता. दोनशे प्रतींत बॅकहँड.

"हे वाटणार?" नंजुंडानं मला विचारलं.

"तुम्ही होय म्हणालात तर," मी म्हणालो, आणि ते वाक्य माझ्या तोंडातून आलेलं पाहून मीच चकित झालो.

त्यानं पत्रक घडी करून बाजूला सारलं. समोर गर्द निळ्या कापडाचा तागा उलगडलेला पडला होता. त्यानं कानावरचा खडू काढला, कापडावर एक सरळ रेषा मारली आणि खडू अण्णांपुढे धरला.

"कुठे होती, अण्णा?"

अण्णांनी खडू घेतला. मनगट दुसऱ्या हातानं धरलं. रेषेवर, अर्धी आत, अर्धी चुन्यावर असावी तशी, एक लांबट खूण काढली. टोकाकडे खडू जरा फिरवून चुना उडालेलाही दाखवला.

नंजुंडानं खुणेशेजारी बोट टेकवलं.

"मला पण तिथेच दिसली होती," तो म्हणाला. "पण नंतर वाटायला लागलं, मला हवी होती म्हणून दिसली असेल. दहा वर्षं तेच वाटतंय."

"विचारायचं होतंस रे," अण्णा म्हणाले. "मी दर वर्षी येत होतो."

"दर वर्षी येत होता, म्हणूनच. म्हटलं, एखाद्या वर्षी सांगतील."

गादीवरून दुकानदाराची हाक आली, "नंजुंडा! त्या भारी कापडावर खडू कशाला रे? गिऱ्हाईक येईल!"

नंजुंडानं फडकं उचललं. विचारून पुसायची अण्णांची सवय त्या सामन्यानंतरची; ती त्याला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. त्या दिवसानंतर तो त्यांच्या घरी कधी आलाच नव्हता. तरी त्यानं फडकं हवेतच धरलं.

"अण्णा, पुसून टाकू का?"

"स्वल्प थांब," अण्णा म्हणाले.

त्यांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले आणि खाली वाकले, पंचांनी त्या दिवशी वाकायला हवं होतं तसे. एका बाजूनं पाहिलं. मग टेबलाला वळसा घालून दुसऱ्या बाजूनं पाहिलं. मागे एक बाई पोलक्याच्या कापडासाठी खोळंबली होती; तिनंही मान लांब करून पाहिलं.

"आत," अण्णा म्हणाले. मग सरळ झाले. "हं. आता पूस."

*

स्मरणिका निघाली. पाचव्या वर्षी पाऊस पडल्याचं तीत छापलेलं आहे. माझी दोनशे पत्रकं खाटेखाली राहिली. गंगाअक्का लागतील तशी नेतात. हे लिहिण्याआधी मी दोघांनाही विचारलं. नंजुंडा म्हणाला, फोरहँड असेल तर लिहा. अण्णा आता क्लबातून निवृत्त झाले आहेत, ते म्हणाले, मातीचं जास्त लिही.

चिकपेटहून परत आल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी मी नळावर गेलो. अण्णांच्या दारात सायकल उभी होती, धुऊन पुसून चकचकीत. तिच्यावरच्या दोरीवर मांजरपाटाचा एक तुकडा वाळत होता, ओला आणि तेलानं काळा झालेला.

"आज विचारलं नाही," गंगाअक्का कळशी नळाखाली सरकवत म्हणाल्या. "सरळ ट्रंक उघडली आणि घेतला."